पोकर डीलर व्हायचंय? आधी रेक घ्यायला शिका

बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडची बरीच मुलं कामाला पणजीला येतात आणि त्यांतली काही मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर डीलर होतात. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. कॅसिनोंना परवानगी देणारा 1976 चा कायदा कधी अमलात आलाच नाही, 2023 मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे हे काम करायचं तर गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडावाच लागतो. मी पोकरच्या टेबलावर असतो. नव्याने येणाऱ्यांना सगळ्यात जड जातं ते पत्ते वाटणं नव्हे, टेबलाचे पैसे घेणं. म्हणून हे लिहितोय.

रूलेटमध्ये गिऱ्हाईक कॅसिनोविरुद्ध खेळतं. पोकरमध्ये खेळणारे एकमेकांचे पैसे जिंकतात, कॅसिनोचा पत्त्यांशी संबंध नसतो. मग टेबल, डीलर, कॅमेरे यांचा खर्च निघतो तो पॉटमधून, म्हणजे डावात सगळ्यांनी लावलेल्या पैशांतून, घेतलेल्या हिश्श्यातून. त्यालाच रेक म्हणतात.

समजा रेक 5 टक्के आहे आणि एका डावाला कमाल 500 रुपये. फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडले जाणारे पहिले तीन सामाईक पत्ते; त्याआधीच सगळ्यांनी पत्ते टाकले तर बहुतेक ठिकाणी काहीच घेत नाहीत. फ्लॉप उघडला, पॉट 4,000 चा झाला, की 200 काढायचे. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, पॉट 8,000 वर गेला तर एकूण रेक 400, म्हणजे आणखी 200. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, 14,000 झाले तर हिशेबाने 700 होतात, पण मर्यादा 500 ची, म्हणून फक्त 100 घ्यायचे. इथेच नवी मुलं गडबडतात. शेवटची बेट कुणी कॉल केली नसेल, म्हणजे तिच्यासमोर तेवढेच पैसे लावले नसतील, तर ती आधी ज्याची त्याला परत करायची; तिच्यावर रेक लागत नाही. पॉट दोघांत वाटायचा असेल तर रेक वाटणीआधी.

रेकच्या काढलेल्या चिप्स (टेबलावर पैशांऐवजी वापरतात त्या चकत्या) लगेच ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे टेबलाच्या रेकच्या पेटीत, टाकायच्या नाहीत. बॉक्सच्या फटीशेजारी, सगळ्यांना आणि वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा मांडून ठेवायच्या. डाव संपला, पॉट जिंकणाऱ्याकडे सरकवला, की मग खाली सोडायच्या. बॉक्सला कुलूप असतं, त्यातले पैसे दुसरीच माणसं मोजतात. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण समोरच्याला आपले किती गेले हे विचारावं लागत नाही. कुणी विचारलंच तर न चिडता आकडा सांगा, तो त्याचा हक्क आहे.

मोठ्या रकमेच्या टेबलांवर कधी कधी रेकऐवजी वेळेचे पैसे असतात: दर अर्ध्या तासाला प्रत्येक खुर्चीमागे ठरलेली रक्कम. ती दोन डावांच्या मध्ये, मोठ्याने सांगून घ्यायची. कुणी जेवायला उठला असेल तर त्याच्या ढिगाला परस्पर हात लावू नका, फ्लोअरला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, बोलवा.

टिप वेगळी. ती वेगळ्या पेटीत, दाखवून. हात खिशाकडे कधीच जाता कामा नये; टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवायचे.

घरी सरावाला प्लॅस्टिकच्या साध्या चिप्स पुरतात. वीसची थप्पी हाताने पाच-पाचात कापायला शिका आणि 5 टक्क्यांचे आकडे तोंडपाठ करा. टेबल टेस्टला, म्हणजे नोकरीआधीच्या चाचणीला, तुम्ही पत्ते किती झोकात पिसता यापेक्षा पॉट मोजून रेक बरोबर काढता का, हे आधी बघतात.