पहिली मधपेटी: आधी पायाखालच्या वाट्या, मग माश्या

हस्त अजून सरलेला नाही. जमीन ओली आहे, मुंग्यांच्या बिळांत पाणी शिरलंय आणि त्या कोरडी, उबदार जागा शोधत वर चढतायत. तुमची नवी मधपेटी म्हणजे नेमकी तीच जागा. त्यात अंडी, अळ्या आणि मध आयता.

सातेरीची, म्हणजे ढोलीत मोहोळ करणाऱ्या आपल्या देशी मधमाशीची, पहिली पेटी ठेवायला हेच दिवस चांगले. कारळं फुलावर येतंय, मागून तूर, मग धणे आणि कांद्याचं बी. पण पहिल्याच महिन्यात पेटी रिकामी झालेले शेतकरी मी बरेच पाहिलेत. विचारलं की म्हणतात, "माशी उडून गेली." मी पेटी ठेवलेली जागा बघतो. दोन विटा, त्यावर पेटी, चहूबाजूंनी गवत.

माझीही पहिली अशीच गेली. आंब्याच्या ढोलीतलं मोहोळ दोघांनी मिळून पेटीत भरलं आणि कुंपणालगत चार विटांवर ठेवलं. नवव्या दिवशी सकाळी दाराशी सामसूम. झाकण काढलं तर आत एक माशी नाही. पोळ्याच्या लाकडी चौकटीवरून पेटीच्या तळपाटावर, तळपाटावरून विटेवर मुंग्यांची रांग लागलेली, आणि तोंडात तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या. पेटीला खर्च केला होता, खाली ठेवायच्या चार वाट्यांना केला नव्हता.

तर आधी स्टँड. लोखंडी अँगलचा किंवा लाकडी, चार पायांचा, दीड ते दोन फूट उंच. प्रत्येक पायाखाली पसरट वाटी, त्यात पाणी. रंगाचा डबा अर्ध्यावर कापला तरी चालतो. करवंटी नको, कलंडते. हस्त संपला की ऑक्टोबरच्या उन्हात हे पाणी दोन-तीन दिवसांत आटतं, आणि नवखा माणूस फसतो तो तिथेच. पाऊस होता तोवर वाट्या आपोआप भरत होत्या, त्यामुळे बघायची सवयच लागलेली नसते. भरलेल्या वाटीतही वाळकं पान पडलं तर मुंगीचा पूल तयार. गवताचं एक पातं पेटीला टेकलं तरी तेच. माशी बुडू नये म्हणून काही जण याच वाट्यांत खडे टाकतात. दया चांगली, पण खडा पायाला टेकला की मुंगीला वाट मिळाली. माश्यांना प्यायचं पाणी पंधरा फुटांवर वेगळ्या परातीत ठेवा, खडे त्यात टाका.

वाटीत जळकं ऑइल टाकायची पद्धत आहे. पाणी सावकाश आटतं, डास होत नाहीत. मी मात्र ते सोडलं, कारण पाण्याला आलेली माशी त्यात चिकटून मरते. पायाला वीतभर उंचीवर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून तिला ग्रीस लावतो. हे कुठल्या शिफारशीत नाही, माझं आपलं.

दुकानात मुंगी पावडर आणि खडू पुढे करतात. घेऊ नका, पेटीच्या आसपास फिरकूही देऊ नका. मधमाशीही कीटकच आहे.

आता पेटी. सातेरीला आठ चौकटींची, भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 1515) केलेली पेटी पुरते. सुताराकडून करून घ्यायची तर माप तोंडी सांगू नका, तयार चौकट हातात द्या. चौकट आणि भिंत यांत 7 ते 8 मिलिमीटर वाट हवी. जास्त ठेवली तर माशी तिथे आडवं पोळं बांधते, कमी ठेवली तर तिला फिरता येत नाही. लाकूड पूर्ण वाळलेलं, उग्र वास नसलेलं. सागवान परवडलं तर उत्तम, प्लायवूड पावसात फुगतं. रंग फक्त बाहेरून. फटी बुजवणं फार महत्त्वाचं. युरोपियन माशी झाडांची राळ आणून फट लिंपते, सातेरी आणत नाही. तिच्या पेटीतली फट तशीच राहते आणि मेणकिड्याचा, म्हणजे पोळ्याचं मेण खाणाऱ्या अळीचा, पतंग तिथे अंडी घालतो. बाहेरून शेणमातीचा हात फिरवा, फुकटात काम होतं.

"इटालियन घ्या, मध कितीतरी पट" असं विकणारा सांगेल. इटालियन म्हणजे युरोपियन माशीचीच एक जात. ती माशी जास्त मध देते हे खरं. पण तिला फुलोऱ्यामागे गाडीत घालून फिरवावं लागतं, टंचाईत साखरही भरपूर लागते. पहिल्या वर्षी दोन पेट्या सातेरीच्या, बस. टॉनिक, बूस्टर, औषधाच्या पुड्या काही नको. सातेरीचा मोठा रोग म्हणजे थाई सॅकब्रूड. 1991-92 मध्ये दक्षिणेत त्यानं वसाहतीच्या वसाहती संपवल्या. तो विषाणूचा, अँटिबायोटिक त्याला लागूच पडत नाही. पैसे मोजण्याआधी महाबळेश्वरच्या मध संचालनालयाच्या प्रशिक्षणाची चौकशी करा; खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत 50 टक्के अनुदान आहे.

जागा: सकाळचं ऊन, दुपारची सावली, वाऱ्याला आडोसा. दार पूर्वेला ठेवा असं सांगतात, ठेवा. मला विचाराल तर त्याहून महत्त्वाचं, दारासमोर रात्री बल्ब नको. माश्या दिव्यावर येऊन मरतात. पेटी दाराकडे किंचित कलती ठेवा म्हणजे पाणी आत साचत नाही. रस्ता आणि गोठा लांब. दोन पेट्यांत 3 मीटर अंतर.

नेहमीची कामं:
– आठवड्यातून एकदा तपासणी, कडक उन्हात किंवा पावसात नाही
– तळपाट झाडणं; पडलेला मेणाचा चुरा म्हणजे मेणकिड्याचं खाद्य
– माशी बसत नाही ती रिकामी पोळी काढून घेणं
– नवी वसाहत असेल तर पहिला आठवडा दाराला राणीजाळी (राणीला बाहेर पडू न देणारी जाळी)
– फुलं नसतील तेव्हा 1 किलो साखर, 1 लिटर पाणी; दिवस मावळल्यावर, पेटीच्या आतच
– वाट्या: रोज

पाक ठेवणार असाल त्या संध्याकाळी आधी वाट्या बघा. साखरेच्या वासानं मुंग्या कुठून कुठून येतात. पाक बाहेर सांडला तर धुऊन टाका.

शेजाऱ्याला फवारणीआधी सांगायला सांगा आणि दिवस मावळल्यावर फवारायची विनंती करा. ऐकला नाही तर आदल्या रात्री दार जाळीनं बंद करा, हवा खेळती ठेवा, दुसऱ्या दिवशी पेटी सावलीत राहील असं बघा.

एकदा बसवलेली पेटी "इथे जरा जास्त सावली आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी वीस फूट सरकवू नका. बाहेर गेलेली माशी जुन्या जागेवरच परतते, आणि संध्याकाळी तिथे रिकाम्या हवेत तिचा घोंगावणारा पुंजका दिसतो. हलवायची तर रोज दोन-तीन फूट, नाहीतर एकदम तीनेक किलोमीटर लांब. आणि स्टँड उचलला की वाट्या जुन्या जागी राहतात, त्या आठवणीनं बरोबर न्या.