लिव्हरला अंजीर कुठून चिकटलं? शब्दाचा माग घरबसल्या कसा काढायचा

शब्दाचं मूळ शोधायला भाषाशास्त्राची डिग्री लागत नाही, एक वही, मोबाईलवर विक्शनरी (इंटरनेटवरची फुकट डिक्शनरी) आणि एखादी रिकामी दुपार एवढ्यावर भागतं. सुरुवात अवयवांपासून करा, पण नाक वगैरे नको, ते बऱ्याच ठिकाणी सारखंच निघतं आणि मजा लवकर संपते. लिव्हर घ्या.

आधी नुसती यादी. इंग्लिश लिव्हर, जर्मन लेबर, इटालियन फेगातो, रोमेनियन फिकात, फ्रेंच फ्वा, स्पॅनिश ईगादो, आताच्या ग्रीकमध्ये सिकोती, रशियन पेचेन. लिव्हर-लेबर एका घरातले हे दिसतंच, पुढे चला.

आता फेगातोचं लॅटिन मूळ शोधायला गेलात की पहिली ठेच लागते, कारण डिक्शनरीत लिव्हरला शब्द मिळतो येकुर, आणि येकुरचं फेगातो काही केल्या होत नाही. इथेच लोक अंदाज ठोकायला लागतात, तसं करू नका, फेगातोच्याच पानावर खाली एटिमॉलॉजी, म्हणजे शब्द कुठून आला त्याची माहिती, असते ती वाचा. तिथे मिळेल फिकातुम. फिकुस म्हणजे अंजीर. रोमन लोक लिव्हर मोठं आणि चविष्ट व्हावं म्हणून गूज या बदकांच्या जातीतल्या पक्ष्यांना न् डुकरांना अंजिरं चारायचे, त्या पदार्थाचं नाव येकुर फिकातुम, अंजीरवालं लिव्हर. आपण टपरीवर 'दोन कटिंग दे' म्हणतो, चहा शब्द कोण उच्चारतो? तसंच येकुर गळून पडलं, अंजीर तेवढं उरलं आणि ते माणसाच्या पोटातल्या लिव्हरलाही चिकटलं. मुळात ही कल्पना ग्रीकांची, सिकोतीतलं सिको म्हणजे अंजीरच. आणि फ्रेंचांचं फ्वा ग्रा म्हणजे चरबीदार लिव्हर, म्हणजे पक्ष्याला कोंबून चारायचा उद्योग अजून चालूच आहे.

गोष्ट भारी आहे म्हणून लगेच फॉरवर्ड करू नका, आवाज जुळतात का ते बघा. स्पॅनिशमध्ये लॅटिनचा सुरुवातीचा फ बऱ्याचदा ह झाला आणि पुढे तो ह बोलण्यातूनही गेला, नुसता लिहिण्यात राहिला. फारीना म्हणजे पीठ, त्याचं आरीना झालं. फिलिउस म्हणजे मुलगा, त्याचं ईहो. मग फिकुसचं ईगो आणि फिकातुमचं ईगादो हे त्याच रांगेत बसतं. असे दोन-तीन जोडीदार शब्द मिळाले की मगच टिक करायची.

पेचेनमध्ये मी स्वतः फसलो होतो, म्हटलं लिव्हर पचनाला मदत करतं, म्हणजे पेचेन आणि पचन एकच, झालं काम! खरं कारण वेगळं, रशियनमध्ये पेच म्हणजे भाजणे, पेचेन म्हणजे भाजायची वस्तू, बिस्किटालासुद्धा पेचेन्ये म्हणतात. गंमत अशी की संस्कृत पच् म्हणजेही मुळात शिजवणे (पक्वान्न आठवा) आणि दोघांचं मूळ खरंच एक आहे, म्हणजे उत्तर बरोबर आणि रीत चूक, गणितात असतं तर अर्धे मार्क कापले असते.

आणि ते मागे राहिलेलं येकुर? ते जोरात वाचा. येकुर, यकृत. सख्खे चुलत भाऊ! फारसीत त्याचंच जिगर झालं, य चा ज, जसं आपल्याकडे यात्रेची जत्रा होते. म्हणजे जिगरी दोस्त हा लिव्हरवाला दोस्त.

शेवटी अर्थ कुठे सरकला तेही लिहून ठेवा. इटालियन माणूस धाडसी असला की त्याच्याकडे फेगातो आहे म्हणतात, आपण वाघाचं काळीज म्हणतो. काळीज म्हटल्यावर आपला हात छातीवर जातो खरा, पण तो शब्द आला संस्कृत कालेय वरून, ज्याचा अर्थ यकृत. मटणवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, कलेजी मागा, तो बरोबर लिव्हरच तोलतो.