मुरगळलेला घोटा घेऊन परत मैदानात: उन्हाळी फुटबॉल खेळणाऱ्यांसाठी

भात कापून शेतं मोकळी झाली की आमच्या फोंड्याकडे बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात, आणि तिथपासून पहिला पाऊस पडेपर्यंत टीममधल्या कुणाचा ना कुणाचा घोटा सुजलेला असतो. २०१२ साली फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ झाला. पण दिवसभर बँकेत नाहीतर हॉटेलात राबून संध्याकाळी बूट चढवणाऱ्या आमच्यासारख्यांना फिजिओ कोण देणार? मैदानाच्या कडेला उभे राहून सल्ले देणारे मात्र ढीगभर मिळतात. मी बावीस वर्षं खेळतोय. उजवा घोटा चारदा मुरगळला. पहिली वेळ नशिबाची. पुढच्या तिन्ही त्या सल्ल्यांच्या आणि माझ्या मूर्खपणाच्या.

आधी जमीन बघा

ओल्या शेतात गुरांच्या खुरांचे ठसे उमटतात आणि एप्रिलपर्यंत ते वाळून विटेसारखे घट्ट होतात. वरून कापलेल्या भाताची खुंटं असतात, त्यामुळे खड्डा दिसतच नाही. खेळण्याआधी दोघातिघांनी फावडं घेऊन अर्धा तास घालवला तर निम्मे घोटे वाचतील. आमच्याकडे हे काम लहान पोरांवर ढकलतात आणि पोरं ते करत नाहीत.

बुटांचंही तेच. लांब स्टडचे बूट हिरवळीच्या मऊ मैदानासाठी असतात. वाळक्या शेतात ते स्टड रुततच नाहीत, माणूस चार खिळ्यांवर उभा असल्यासारखा डुगडुगतो. भाड्याच्या कृत्रिम टर्फवर उलटं होतं. स्टड अडकतो, पाय जागच्या जागी राहतो आणि गुडघा फिरतो. दोन्हीकडे बारीक बारीक स्टडचे टर्फ बूट चालतात. एकच जोड घ्यायची ऐपत असेल तर तीच घ्या.

वेळ आणि पाणी

विदर्भातले पाहुणे आमचे ३४ अंश ऐकून हसतात. त्यांना म्हणावं, साडेतीन वाजता एक हाफ खेळून दाखवा. इथली हवा इतकी दमट असते की घाम अंगावरून गळतो, सुकत नाही. आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यात कृत्रिम टर्फ दुपारी ६० अंशांच्या वरही तापू शकतं. म्हणून मे महिन्यात साडेपाचच्या आत सुरुवात करू नका. सकाळी खेळायचं तर आठपर्यंत उरका. मोठ्या सामन्यांत फार उकाडा असेल तर प्रत्येक हाफच्या मध्यावर तीन मिनिटं थांबतात. आम्ही दर पंधरा मिनिटांनी थांबतो, त्यात लाज कसली?

जहाजावरून नाहीतर आखातातून सुटीवर आलेला गडी दुसऱ्याच दिवशी पूर्ण मॅच खेळायला उतरतो आणि अर्ध्या तासात झाडाखाली ओकत बसतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरे, मग हळूहळू वाढवा.

तहान लागेल तसं पाणी प्या. अर्ध्या तासात तीन बाटल्या ढोसणंही धोक्याचंच, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. खेळाआधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो घटलं तर लिटरभर घाम गेला असं समजा, आणि पुढच्या काही तासांत दीड लिटरपर्यंत भरून काढा. मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम. उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं त्याहून उत्तम. काजूची उर्राक मात्र नाही. सीझन मार्च-एप्रिलचाच, मॅच संपायच्या आत कुणीतरी लिंबू-मिरची कापायला घेतलेली असते, हे मलाही ठाऊक आहे. घाम गाळून आलेल्या अंगाला दारू आणखी कोरडं पाडते, आणि दुखावलेल्या पायाची सूज वाढवते. दुसऱ्या दिवशी प्या.

वॉर्म-अप

फिफाचा '११+' नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम इंटरनेटवर फुकट आहे. तो करा. जागेवर उभं राहून पायाचे अंगठे धरण्याला वॉर्म-अप म्हणत नाहीत.

कुणी बरळायला लागला तर

दमलेला माणूस सावलीत बसून पाणी प्यायला की दहा-पंधरा मिनिटांत सावरतो. पण खेळता खेळता एखादा समोरच्या टीमला पास द्यायला लागला, स्कोअर विचारला तर भलतंच बोलला, उगाच चिडला किंवा कोसळला, तर तो उष्माघात धरून चाला. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. १०८ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: जर्सी काढा, जवळ विहीर असेल तर घागरीमागून घागर ओता, टब मिळाला तर गळ्यापर्यंत पाण्यात बसवा, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवा, टॉवेलने वारा घाला. आधी थंड करायचं, मग हलवायचं. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. तापाच्या गोळीचा इथे काडीचा उपयोग नाही.

डोक्याला मार लागून कुणी क्षणभर जरी गोंधळला, तरी त्या दिवशी त्याचं खेळणं संपलं. तो कितीही 'बरो आसां' म्हणाला तरी.

आता घोटा

माझा पहिल्यांदा मुरगळला तो असाच खुराच्या खड्ड्यात. पाय आत वळला, बाहेरच्या बाजूला काहीतरी तटकन झालं. दोघांनी उचलून बांधावर बसवलं. गावातले एक जाणकार आले. त्यांनी गरम तेल चोळलं, पाय पकडून दोनदा ओढला आणि 'शीर सरकली होती, बसवली' असं जाहीर केलं. सकाळी घोटा नारळाएवढा झाला होता. शीर वगैरे काही सरकत नाही. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट असतात. पाय आत वळला की ते ताणले जातात नाहीतर फाटतात. फाटलेल्या कापडाला चोळून काय होणार? पहिले दोन-तीन दिवस मालीश नाही, शेक नाही, ओढाताण तर नाहीच नाही.

थंड स्प्रे मारून परत उतरणारे शूरवीरही दर रविवारी दिसतात. स्प्रेने कातडी बधिर होते, एवढंच. लिगामेंट होतं तसंच फाटलेलं राहतं, फक्त तुम्हाला कळेनासं होतं.

पहिला प्रश्न हाड मोडलंय का हा. त्यासाठी डॉक्टर वापरतात ते नियम कॅनडातल्या ओटावामध्ये १९९० च्या दशकात तयार झाले, आणि ते मैदानाच्या कडेलाही उपयोगी पडतात. लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का बघा. मग बोटाने दाबून बघा: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचं टोक आणि तिथून वर सहा सेंटीमीटरपर्यंतची मागची कड, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर लागणारा उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. चार पावलं जमली नाहीत किंवा यातल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर कळ आली, तर त्याच दिवशी एक्स-रे. हाडावर दुखत नसेल, फक्त हाडाच्या पुढच्या मऊ भागात दुखत असेल, तर बहुधा मुरगळच. लहान मुलांच्या बाबतीत हा हिशेब करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

बर्फाबद्दल दोन शब्द. 'विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंच' हे सूत्र १९७८ मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी मांडलं, आणि बर्फाने भरून येणं लांबू शकतं हेही पुढे त्यांनीच सांगितलं. म्हणजे बर्फ दुखणं कमी करायला, बरं करायला नाही. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन वेळा, बस्स. आमच्यातला एकजण मासळीबाजारातला बर्फ पिशवीत भरून आणतो. खरचटलेलं नसेल तर तोही चालतो, वासाचं बघून घ्या. इलॅस्टिकची पट्टी बोटांकडून वर बांधत न्या, बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. झोपताना पायाखाली दोन उशा.

इथपर्यंत सगळे करतात. यापुढे सगळे चुकतात.

पाय महिनाभर उशीवर ठेवून बसायचं नसतं. साधी मुरगळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सोसेल तितकं चालायला लागा. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा. थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर तेवढं जास्त झालं, कमी करा.

साधारण दहा दिवसांनी दुखणं गेलं. गावच्या जत्रेची टूर्नामेंट तोंडावर होती. मी उतरलो आणि पंधराव्या मिनिटाला, सपाट जमिनीवर, जवळ कुणी नसताना, तोच घोटा पुन्हा गेला. त्या वर्षात आणखी दोनदा. शेवटी फोंड्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला खोलीच्या मधोमध उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं. राहिलो. मग म्हणाल्या, 'आता डोळे मिटा.' चार सेकंदांत मी त्यांच्या टेबलावर आदळलो. डाव्या पायावर अर्धा मिनिट उभा राहू शकत होतो.

लिगामेंटमध्ये नुसते धागे नसतात, पाय कुठे कसा वळलाय हे मेंदूला कळवणाऱ्या नसाही असतात. लिगामेंटबरोबर त्यांनाही मार बसतो. दुखणं थांबतं, सूज उतरते, पण पाय आंधळाच राहतो. काळोखात जिन्याची शेवटची पायरी चुकते तसा तो सपाट जमिनीवरही चुकतो, आणि नडगीच्या बाहेरचे स्नायू आवळून घोटा सावरेपर्यंत उशीर झालेला असतो. हे शिकवावं लागतं, आपोआप परत येत नाही.

मी रोज काय केलं ते सांगतो. सकाळी दात घासताना दुखऱ्या पायावर उभा राहायचो, एक हात बेसिनच्या जवळ ठेवून. आठवडाभराने डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर. मग त्या गोधडीवर उभं राहून भाच्याने फेकलेला चेंडू झेलायचा. जोडीला पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच वर-खाली, आधी दोन्ही पायांवर, मग एका. दिवसाची दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे, मान्य. सहा आठवडे केलं.

परत उतरण्याआधी चार परीक्षा, आणि प्रत्येकीत दुसऱ्या पायाशी तुलना. पहिली भिंतीची: पाऊल भिंतीकडे करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, आणि अंगठा किती मागे नेता येतो ते बोटांनी मोजायचं. माझ्या डाव्या पायाला पाच बोटं जागा राहायची, उजव्याला दोन. म्हणजे सांधा आखडलेला. ती पाच होईपर्यंत मी उतरलो नाही. दुसरी, एका पायावर टाच उचलणं, न थांबता वीसदा. तिसरी, डोळे मिटून एका पायावर अर्धा मिनिट. चौथी, एका पायावर तीन उड्या मारून किती लांब जाता ते; दुखऱ्या पायाचं अंतर दुसऱ्याच्या नऊ-दशांश तरी भरलं पाहिजे. चारही जमल्या की दोन चपला दहा पावलांवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पळा. आधी सावकाश, मग जोरात, मग चेंडू घेऊन. मॅच त्याच्यानंतर. साध्या मुरगळीला यात तीन-चार आठवडे जातात, मोठ्या फाटण्याला दोन-तीन महिने.

वेदनाशामक गोळी घेऊन खेळू नका. घामाने सुकलेल्या अंगात त्या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात, आणि पाय काय सांगतोय तेही ऐकू येत नाही. परतल्यावर निदान सहा महिने खेळताना लेसचा घोटापट्टा घाला. त्याने पाय कमजोर होतो म्हणणाऱ्यांना त्यांचा घोटा किती वेळा गेलाय ते विचारा.

बाकीचं थोडक्यात

मांडीच्या मागे चाबूक बसल्यासारखं झालं तर तो हॅमस्ट्रिंग. त्याच क्षणी बाहेर या आणि पहिले काही दिवस तो स्नायू ताणू नका. बरा झाल्यावर नॉर्डिक व्यायाम आठवड्यातून दोनदा: गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी टाचा घट्ट धरायच्या, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या दिवशी नाकावर पडाल, म्हणून समोर उशी ठेवा.

टर्फवर घासून कातडी गेली तर साबण-पाण्याने नीट धुवा, आतले रबराचे काळे दाणे निघेपर्यंत. टूथपेस्ट नको. जखम शेतातली, शेणामातीची असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्या.

आणि परतल्यानंतरची पहिली मॅच शेतात खेळू नका. टर्फवर, संध्याकाळी, शेवटची पंधरा मिनिटं बदली म्हणून उतरा. पुढच्या वेळी अर्धा तास. कॅप्टन कुरकुरेल, त्याला भिंतीची परीक्षा द्यायला लावा.