घरी सगळ्यांनी मिळून जेम्सच्या कुकीज कशा करायच्या

लहानपणी दिवाळीच्या आधी आम्ही पेठेतल्या एका बेकरीत नानकटाई भाजून आणायला जायचो. मैदा, तूप, पिठीसाखर सगळं घरून न्यायचं, बेकरीवाले पत्र्याचे मोठे ट्रे द्यायचे, आई आणि काकू तिथेच खाली बसून पीठ मळायच्या आणि आम्ही पोरं गोळे वळून प्रत्येकावर एकेक चारोळी दाबायचो. मला ते चारोळी दाबायचं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटायचं, भट्टीतून ट्रे आला की आपण दाबलेली कुठली ते शोधायचे. म्हणून मुलीबरोबर आणि भाच्याबरोबर कुकीज करायला घेतल्या तेव्हा जेम्सच्या रंगीत चॉकलेट गोळ्या लावायचं काम पोरांचं हे मी आधीच ठरवून टाकलं.

ही कुकी मूळची अमेरिकेतली. 1930 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनमध्ये रूथ वेकफील्ड यांनी चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी केली, 1941 मध्ये तिकडे साखरेच्या रंगीत कवचाच्या एम अँड एम्स गोळ्या आल्या आणि पुढे चॉकलेटच्या तुकड्यांच्या जागी त्याही कुकीत जायला लागल्या. आपल्याकडे त्याच जातीची गोळी म्हणजे कॅडबरी जेम्स. आणि हो, ही कुकी श्रूजबेरी बिस्किटासारखी पूर्ण खुसखुशीत नसते हं, कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ असते, ते डोक्यात ठेवूनच करा म्हणजे कच्ची राहिली की काय असं वाटणार नाही.

काय काय लागेल (साधारण 20 कुकीज होतात)

अमूल बटरचं 100 ग्रॅमचं एक पाकीट, ब्राऊन शुगर 60 ग्रॅम, पिठीसाखर 50 ग्रॅम, एक अंडं, व्हॅनिला इसेन्स अर्धा चमचा, मैदा सव्वा कप म्हणजे साधारण 155 ग्रॅम, खायचा सोडा पाव चमचा, बेकिंग पावडर पाव चमचा आणि जेम्स 100 ग्रॅम. बटर खारं आहे, वेगळं मीठ नको. अंडं खात नसाल तर तीन टेबलस्पून दूध घाला, आमच्या सासूबाईंसाठी मी तशाच करते, थोड्या जास्त खुसखुशीत होतात पण छान लागतात. ब्राऊन शुगर मात्र वगळू नका, तिच्यातल्या काकवीमुळेच कुकी मध्ये मऊ राहते. ट्रे, बटर पेपर, मोजायचे कप असलं सगळं पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळून जातं.

पीठ

बटर तासभर आधी बाहेर काढा. बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे पण वितळलेलं नको. हे पुण्यात ऋतूवर आहे, डिसेंबरात तासभरही पुरत नाही आणि मे महिन्यात पंधरा मिनिटांत तेल सुटायला लागतं. आता बटर आणि दोन्ही साखरा एकत्र करून चांगल्या फेटा, हाताने सात-आठ मिनिटं, बीटरने तीन. रंग फिकट झाला आणि मिश्रण फुगल्यासारखं दिसलं की झालं. साखरेच्या कणांमुळे बटरमध्ये हवा शिरते आणि भाजताना तीच हवा कुकी हलकी करते, त्यामुळे इथे घाई करायची नाही. आमच्याकडे हे काम नवऱ्याकडे, कारण हात दुखतात. मग अंडं आणि इसेन्स घालून परत एकदा फेटा.

मैदा, सोडा, बेकिंग पावडर दोनदा चाळून घ्या, चाळणी धरायचं काम आजी आनंदाने करते. ते बटरमध्ये घालून चमच्याने नुसतं एकत्र करा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. पोळीच्या कणकेसारखं मळत बसलात तर कुकी चिवट होणार, पोरांना हे आधीच सांगून ठेवा कारण पीठ दिसलं की त्यांचे हात मळायलाच जातात. कच्चं पीठ चाटू देऊ नका, अंडं कच्चं असतं आणि मैदाही कच्चाच असतो.

आता झाकण लावून भांडं फ्रीजमध्ये, कमीत कमी अर्धा तास, उन्हाळ्यात एक तास. खूप जण हे टाळतात आणि मग ट्रेमध्ये सगळ्या कुकीज पसरून एकमेकींना चिकटतात. बटर थंड असलं की ते ओव्हनमध्ये सावकाश वितळतं, तोपर्यंत कुकीचा आकार धरून होतो. या अर्ध्या तासात भांडी घासून होतात, पोरांना जेम्सचे रंग वेगळे करायला बसवा, घरात एकदम शांतता होते.

जेम्स कधी लावायच्या

हे नीट वाचा कारण सगळा खेळ इथेच आहे. पहिल्या वेळी मी जेम्स पिठातच ढवळल्या, ओलाव्याने रंग सुटला आणि सगळं पीठ करडं-हिरवट झालं, पोरगी रडवेली झाली. तेव्हापासून पिठात एकही नाही. लिंबाएवढे गोळे वळायचे, साधारण 20 ग्रॅमचे, बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये दोन-दोन इंच अंतर सोडून ठेवायचे, हलकेच दाबायचे आणि प्रत्येकावर तीन जेम्स. बाकीच्या जेम्स वाटीत तशाच ठेवा, त्या कुकी ओव्हनमधून बाहेर आली की पहिल्या एका मिनिटात, ती गरम आणि मऊ असतानाच दाबायच्या. ओव्हनमधल्या गोळ्यांना उष्णतेने तडे जातात कारण आतलं चॉकलेट फुगतं, ते साहजिक आहे, पण नंतर लावलेल्या अगदी चकचकीत राहतात. गरम ट्रे असतो, म्हणून तो मोठ्यांनी टेबलावर ठेवायचा आणि पोरांनी फक्त वरून गोळी दाबायची, पत्र्याला हात लावायचा नाही. अगदी लहान बाळं असतील तर त्यांच्या हाती सुट्या जेम्स देऊ नका, घशात अडकू शकतात.

आजीने विचारलं होतं लिमलेटच्या गोळ्या चालतील का. अख्ख्या नाही चालत, त्या वितळून पेपरला चिकटतात आणि गार झाल्यावर दाताला काचेसारख्या लागतात. टूटीफ्रूटी चालते, ती तर पिठातसुद्धा घालता येते.

भाजणं

ओटीजी म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन 180 डिग्रीला दहा मिनिटं आधी तापवा, वरचा खालचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणात. 11 ते 13 मिनिटं. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग अजून मऊच दिसतोय अशा वेळी बाहेर काढायच्या, ट्रेच्या उष्णतेवर त्या आणखी शिजतात. मध्ये कडक होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर दगड. जेम्स दाबून झाल्या की पाच मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, लगेच उचलल्या तर मोडतात, मग जाळीवर काढा. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, म्हणून ओव्हनचं काम मी त्या दिवशी काढतच नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई घ्या, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग ताटली ठेवून मंद आचेवर 15 ते 18 मिनिटं. एका वेळी चार-पाचच होतात आणि वरून रंग कमी येतो, पण चव तीच. कुकरमध्ये करणार असाल तर शिट्टी आणि रिंग काढून टाका.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरल्या तर वाफ धरते आणि जेम्सचा रंग डब्याला लागतो. चार-पाच दिवस छान राहतात, आमच्याकडे दुसऱ्या दिवशी चहाबरोबर संपतात तो भाग वेगळा. जास्त माणसं यायची असतील तर दुप्पट पीठ करून अर्धे गोळे फ्रीजरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतात, तसेच गार गोळे ट्रेमध्ये ठेवून दोन मिनिटं जास्त भाजा. जेम्सचं पाकीट मात्र वेगळं ठेवा आणि कुठे ठेवलंय ते पोरांना सांगू नका.