नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

परळच्या वॉर्डात पोस्टिंग असलेल्या नर्सिंगच्या मुलामुलींनो, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचं ‘नकारात्मक प्रबलन’ (negative reinforcement) वाचलं की डोक्यात लगेच शिक्षा येते. गफलत तिथेच होते. आधी एवढंच बघा: वर्तन वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. ‘नकारात्मक’ म्हणजे फक्त काहीतरी काढून घेतलं. नळीतून ठरावीक वेगाने औषध देणारा इन्फ्युजन पंप वाजायला लागतो, तुम्ही बटण दाबता, आवाज थांबतो. पुढच्या वेळी हात आपसूक बटणाकडे जातो. हेच नकारात्मक प्रबलन, आणि धोक्याचंही, कारण नळी दुमडलीय का हे बघायचं राहून जातं. आधी पेशंट, मग नळी, मग बटण, हीच सवय लावा. ड्रेसिंगच्या वेळी शांत राहिलेल्या लहानग्याला मात्र ‘शहाणा’ असं मोघम नको. ‘हात अगदी स्थिर ठेवलास’ असं तिथल्या तिथे सांगा. इथे काही काढून न घेता कौतुक दिलं, म्हणून ते सकारात्मक प्रबलन.