दहा बाय बाराची खोली, माणसं पाच

आम्ही सोलापुरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणं राहतो. काही घ्यायच्या आधी मी त्या वस्तूचं माप खडूनं फरशीवर आखते आणि दोन दिवस ती रेघ न ओलांडता वावरते. कपाट असंच रद्द झालं, कारण दार पूर्ण उघडेना.

मग पलंगाच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवल्या. सहा इंच उंची वाढली आणि ज्वारीचे पत्र्याचे डबे खाली सरकले. विटा मात्र पायापेक्षा रुंद आणि सपाट हव्यात. पलंग हलवून बघा, जरा जरी डुगडुगला तर पुन्हा बसवा. डब्यांना पुढून दोरीची कडी बांधा, म्हणजे वाकून ओढावं लागत नाही.

आपल्या सोलापुरी चादरी जाड, घडी केली तरी ढीग होतो. मी दोन चादरी लांबट गुंडाळून लोडाच्या अभ्र्यात घालते. दिवसा टेकायला लोड, रात्री पांघरूण. गड्ड्याच्या, म्हणजे इथल्या सिद्धेश्वराच्या, जत्रेला पाहुणे आले की तेच लोड उघडायचे.

दारावरच्या फळीवर वर्षातून एकदा लागणारंच ठेवा. पत्र्याचं छत असेल तर तिथं तेल, औषधं, मेणबत्त्या अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. माझी शेंगदाण्याची अख्खी बरणीभर चटणी तिथंच खवट झाली. आता चटणी खालच्या कोनाड्यात, माठाशेजारी.