माघ-फाल्गुनाचा सल्ला : काडी आणि कुऱ्हाड रानाबाहेर

कपाशीची शेवटची वेचणी उरकली, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर लागले, की काडी लावायचा मोह होतो. यावल, रावेर, चोपडा, शहादा, अक्कलकुवा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत तो महागात पडतो. दुपारचा वारा सुटला की बांधावरची आग पानगळ झालेल्या सागवानात शिरते. पऱ्हाट्यांचा श्रेडरने भुगा करून शेतातच मिसळा.

वणव्यात मोठी झाडं बहुतेक तगतात, त्यामुळे नुकसान डोळ्यांत भरत नाही. जळतात ते फुटवे. साग, धावडा, पळस यांच्या तुटक्या खुंटांची मुळं जमिनीत जिवंत असतात. पावसात फुटतात, उन्हाळ्यात जळतात, पुन्हा बुडापासून सुरुवात. आग आणि शेळ्या काही वर्षं सलग बाहेर ठेवल्या, तर हेच फुटवे शेळीच्या तोंडाच्या वर जातात. रोपवाटिकेतलं रोप त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. खड्डे खणून फोटो काढायची हौस आपल्याकडे दांडगी. उभं रान नुसतं राखण्यात फोटोसारखं काही नसतं!

वाळल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, हवेतून ओढलेला. बुंधा जाड होईल तसं दरसाल चढणारं लाकूडही वाढतं, म्हणून जुनं झाड पाडून नवं लावण्याचा हिशेब बसत नाही. खडकाळ जागी सावकाश वाढणारा अंजन तोडला, तर तेवढा अंजन आपल्या हयातीत पुन्हा दिसायचा नाही. पाल्यासाठी फक्त खालच्या फांद्या छाटा, शेंड्याला हात नको.

फुलं वेचायला मोहाच्या झाडाखालचा पाचोळा पेटवू नका. झाडून एका बाजूला करा, खाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा. फुलं स्वच्छ मिळतात. हाच पाचोळा पाणी जिरवतो. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेल्या पाण्यावरच रावेर-यावलच्या केळीच्या विहिरी चालतात.

वणवा दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून सुमारे ४४५ हेक्टर रान राखलं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावाच्या ग्रामसभेला रान राखायचा अधिकार आहे. जळणासाठी वाळलेलंच लाकूड, चाऱ्यासाठी गवत कापून आणायचं, राखणीची पाळी कोणाची, हे ठरावात स्पष्ट लिहा. सभा होळीच्या आत घ्या. मोह गळायला लागला की माणसं सापडत नाहीत.